वाटेतले वजन

“काका, पंपाला हात लावू नका,” शास्त्रज्ञ बाई कुजबुजल्या.

पंपमिस्त्रीने हात मागे घेतला. डोंगराच्या पोटातल्या त्या खोलीत पडद्यावर ठिपके सांडत होते. भिंतीपलीकडे टाकीतले काळे पाणी मात्र हलतही नव्हते. बघता बघता सगळे ठिपके विझले.

“काय झालं?”

“तो संध्याकाळचा तांबडा तारा मेला. त्यातून निघालेले कण आत्ता आपल्यातून आरपार गेले. त्यातले मोजके टाकीतल्या पाण्यात चमकले, तेच हे ठिपके.”

मिस्त्रीने नकळत छाती चाचपली. “मला तर काहीच कळलं नाही.”

“कुणालाच कळत नाही. वर जाऊन बघा, तारा तसाच दिसेल. त्याचा शेवटचा उजेड अजून आतच अडकलाय, बाहेर पडायला काही तास लागतात. हे कण आधी निसटतात.”

“मग यांची इतकी वर्षं वाट बघून मिळालं काय?”

“त्यांचं वजन कळेल कदाचित. नावालाच असतं, पण असतं. जड कण किंचित मागे पडतात. ते वजन जन्मापासूनचं, की वाटेत न दिसणारं काहीतरी अंगाला चिकटतं, हे त्या मागे पडण्यावरून शोधायचंय.”

भिंतीवरचा फोन वाजला. मिस्त्रीसाठी होता. धाकटा भाऊ ज्या बोटीवर कामाला होता, तिथला माणूस बोलत होता.

“पहाटे लाटेनं नेला हो त्याला. देह मिळालाय. आईंना अजून कळवलं नाही. तुम्हीच सांगा.”

“बरं,” मिस्त्री म्हणाला.

लिफ्ट वर चढत होती, तरी त्याला खाली खाली ओढल्यासारखे वाटत होते.

आई दारातल्या पायरीवर विणत बसली होती.

“तोंड का उतरलंय? पंप बिघडवलास वाटतं.”

“पंप ठीक आहे.”

“मग हा गुंडा धर. धाकट्याची एवढी बाही राहिलीय. मागचा स्वेटर आखूड झाला, तर म्हणतो कसा, बोटीवरच्या मांजराला घातला.” ती स्वतःशीच हसली.

समोरच्या छपरावर तांबडा तारा उगवला होता. नेहमीइतकाच ठसठशीत, जिवंत.

“आई…”

“थांब रे, टाके चुकतील.”

बाही संपली की सांगायचे, असे त्याने ठरवले. लोकरीचा गुंडा ओंजळीत घेऊन तो तिच्या पायाशी बसला. ती धागा ओढेल तसा गुंडा फिरत राहिला, आणि हळूहळू हलका होत गेला.