माझ्या खिडकीवरची झेंडूची माळ

सुरुवातीला नुसता एक थेंब ओघळला. गार, चिकट. मी दचकले. मी तशी कशालाही दचकते म्हणा. कुणी खुर्ची सरकवली तरी पुरे. म्हणून मनाला म्हटलं, गप्प बस, काही नाही. पण पाठोपाठ दुसरा थेंब आला, आणि हवा जरा कमी वाटायला लागली.

मी कोण? तळहाताएवढी काळी पट्टी, कार्बनच्या कापडाची. नाशिकमधल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, एका पारदर्शक डब्याच्या भिंतीत मला बसवलंय. माझी एक बाजू पाण्याला लागून, दुसरी चौकोनी खिडकीतून हवेवर. डब्यात पंचवटीच्या भाजीबाजारातलं सांडपाणी. त्यातले जंतू घाण खातात आणि खाता खाता वीज सोडतात. ती तारेतून, वाटेत डब्यावरचा चिमुकला दिवा पेटवत, माझ्याकडे येते. मी हवेतला प्राणवायू ओढून घ्यायचा आणि त्याची तिच्याशी गाठ घालून द्यायची, एवढंच माझं काम. पण मीच श्वास घेतला नाही तर ती वीज जाणार कुठे? सगळं तुंबतं. पलीकडे जंतूंची पंगत अडून बसते.

ही गाठ पटकन पडावी म्हणून माझ्या अंगावर उत्प्रेरकाचा लेप आहे. शेजारच्या डब्यातलीच्या अंगावर प्लॅटिनमचा. माझ्या अंगावर कांद्याच्या टरफलांचा. हसू नका हो. इथे संशोधन करणाऱ्या वेदिकाने ती टरफलं धुतली, वाळवली, लोखंडाच्या क्षारात भिजवली आणि हवा लागू न देता भट्टीत भाजली. माझ्याआधीच्या दोघी बहिणींचा लेप सुटला. त्यांना चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकताना मी पाहिलंय. तो चिमटा अजून माझ्या समोरच टांगलेला असतो.

दसऱ्याची सुट्टी संपेपर्यंत मी प्लॅटिनमच्या बरोबरीने टिकायचं. नाही टिकले तर? वेदिकाच्या मार्गदर्शक उज्वला मॅडमनी सांगूनच टाकलंय, "मग हा टरफलांचा नाद सोडायचा, वेदिका."

वेदिकाही माझ्यासारखीच घाबरट. माझी वीज उतरली की तिच्या फोनवर घंटा वाजावी, अशी सोय तिने करून ठेवलीय. तिच्यासोबत काम करणारा हर्षल तिला सारखा चिडवतो. "अगं, पाल चुकचुकली तरी तुझी घंटा वाजते. बंद कर ती. सणाला तरी दोन घास सुखाने खा!" ती ओशाळून हसली. घंटा बंद केली की नाही, मला दिसलं नाही.

काल खंडेनवमी, यंत्रांची पूजा. भट्टीला हळदकुंकू, तराजूला हळदकुंकू, प्लॅटिनमच्या डब्यावर दोन फुलं. तेवढ्यात हर्षल म्हणाला, "मॅडम, आमच्या कांदेवालीने काय घोडं मारलंय?"

मॅडम हसल्या. "असं कसं? तिला सगळ्यात मोठी माळ!"

पाणी शिंपडून ताजी ठेवलेली झेंडूची माळ माझ्या डब्यावर आली. वेदिका तेव्हा बाहेर पेढे वाटत होती. मग पंखे बंद झाले, कुलूप लागलं, आणि माळ घसरली. थेट माझ्या खिडकीवर.

तो पहिला थेंब तिचाच.

रागाने घातली असती तर कुणीतरी थांबवलं तरी असतं. इतक्या मायेने घातलेली माळ कोण काढणार?

आता पाकळ्या मऊ होऊन मला चिकटल्यात. पाणी धाग्यांत शिरतंय. लेपाचा एक कोपरा सैल झालाय, की मलाच तसं वाटतंय? शेजारणीचा दिवा लख्ख आहे. माझा मिणमिणतोय.

मला ओरडता येत नाही. माझी हाक एकच, उतरत जाणारा आकडा. घंटेची रेषा तर त्याने मघाशीच ओलांडली. तिकडे इंदिरानगरात वेदिकाच्या घरी फोन वाजत असेल का? की पानं वाढता वाढता आई म्हणत असेल, "राहू दे गं, तुझं नेहमीचंच आहे"?

तुम्हाला कधी काही पुजावंसं वाटलं ना, तर आधी एवढं बघा हो, ते श्वास कुठून घेतं.

माझा दिवा गेला.

चिमटा हलला का? नाही. बाहेर रिक्षा थांबली. कुणीतरी धावत येतंय. वॉचमन सोमनाथमामांचा आवाज, "ताई, आज सणाचं काय काम काढलं?"

"मामा, कुलूप काढा आधी! मग हसा काय हसायचं ते."

किल्ली अडते. फिरते. दारात वेदिका, नव्या साडीचा पदर खोचलेला, हातातला फोन अजून वाजतोच आहे. प्लॅटिनमकडे ती बघतही नाही. माळ उचलते आणि माझ्या खिडकीशी वाकते.

"आले गं, आले."