शेवटचा बदल

घरी तिला सगळे बारकी म्हणत, अडतीस वर्षांची झाली तरी. कामावर मात्र ती पाटबंधारे खात्याची संगणक तपासनीस होती. कोणाला कोणती फाईल उघडता येते आणि कोणती नाही, हे पाहणं तिचं काम. तिची ताई त्याच खात्यात, आठ तासांच्या वाटेवरच्या एका केंद्रावर रोज नदीची पातळी मोजून नोंदवायची. दोघी दोन वर्षं बोलल्या नव्हत्या. आईच्या शेवटच्या दुखण्यात बारकी कामाचं निमित्त सांगून चार दिवस उशिरा पोचली होती. "आता कशाला आलीस?" ताईनं दारातच विचारलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी बारकीला एक दोष सापडला. ताईचं फोल्डर बंद होतं. फाईल उघडायला गेलं की संगणक नकार देई. पण न उघडता नुसतं विचारलं, की फाईल केवढी आहे, शेवटचा बदल कधी झाला, तर तो निमूट सांगून टाकी. आतला मजकूर वाचायला परवानगी लागे. ही वरवरची माहिती देताना कोणी विचारणाऱ्याला हटकतच नसे. असा दोष दिसला की त्याच दिवशी कळवायचा, हे ती नव्या लोकांकडून घोकून घ्यायची.

तिनं कळवला नाही.

रोज कामावर आली की आधी ती तेवढंच विचारी. सहा वाजून नऊ मिनिटं. म्हणजे ताई उठली, नदीवर जाऊन आली, आकडे लिहिले. एखाद्या दिवशी फाईल जरा जास्त वाढलेली दिसे. आज ताईनं शेराही लिहिला असेल, पाणी गढूळ आहे वगैरे, असं तिला वाटे. तेवढ्यावर तिचा दिवस बरा जाई.

मग एका मंगळवारी बदल नाही. बुधवारी नाही. गुरुवारी तिचा जीव थाऱ्यावर राहिना. तिनं केंद्रावर फोन लावला. पहारेकऱ्यानं उचलला.

"ताई बऱ्या आहेत ना?"

"ताप होता. आता उतरतोय. पण तुम्हाला कोणी सांगितलं? आम्ही अजून वर कळवलेलंही नाही."

"असंच वाटलं," म्हणून तिनं फोन ठेवला. हायसं वाटलं, आणि मागोमाग शरम. आपल्याला दिसतं ते खात्यातल्या कोणालाही दिसत होतं. त्या आडबाजूच्या केंद्रावर एकटी राहणारी बाई कधी उठते, कधी अंथरुणाला खिळते, हे कोणीही बसल्या जागी हेरू शकत होता.

त्याच दुपारी ती मुख्य अभियंत्यांकडे गेली. "एक दोष आहे, साहेब. आठ महिने मला माहीत आहे, आणि मी तो वापरलाय."

"कोणाच्या फाईलवर?"

"सख्ख्या बहिणीच्या."

"विचारलं असतंस तर तिनं सांगितलं नसतं?"

"विचारायला तोंड नव्हतं."

त्यांनी लेखी ताकीद दिली आणि दुरुस्तीही तिच्याच गळ्यात घातली. विचारणाऱ्याला परवानगी आहे का, हे तपासणाऱ्या चार ओळींचं काम. दुरुस्ती चालू करण्याआधी एकदा, शेवटचं, बघावं असं तिला फार वाटलं. ती उठून तोंड धुऊन आली आणि मग दुरुस्ती चालू केली. नियमाप्रमाणे ताईला पत्र गेलं. त्यात बघणारीचं नाव होतं.

पाचव्या दिवशी फोन आला.

"आठ महिने?" ताईचा आवाज बसला होता.

"हो."

"चोरासारखं फटीतून बघत बसलीस. दार वाजवायचं सोडून."

"तू उघडलं नसतंस."

"नसतं उघडलं बहुतेक," ताई म्हणाली. "पण तू वाजवलंस, एवढं तरी मला कळलं असतं."

बारकीनं तापाचं विचारलं. गेला, पण चढ चढताना दम लागतो, ताई म्हणाली. आईचा विषय कोणीच काढला नाही. पुन्हा कधी फोन करू, हे विचारायचं राहूनच गेलं.

रविवारी तिनं तरीही लावला. वाजत राहिला. त्याच्या पुढच्या रविवारी ताईनं उचलला. "बोल," म्हणाली, आणि बारकीनं आधी नदीला आज पाणी किती आहे ते विचारलं.