त्रेचाळिसावं पदक

“सुईत दोरा ओवण्याआधी एकदा ‘नमो मारिया’ म्हणायचं. आणि दुसऱ्यासाठी शिवत असशील तर आतल्या अंगाला देवाची एक खूण ठेवायची. बाहेर नको. बाहेर दिसली की ते मिरवणं होतं.”

आईचं हे सांगणं ब्रोन्याने तीस वर्षं पाळलं होतं. पोलंड सुटलं, आई तिकडच्या मातीत गेली, साता समुद्रापलीकडच्या होल्योक गावी कागद-गिरणीत चिंध्या निवडून ब्रोन्याची बोटं राठ झाली, पण हे सुटलं नाही. तसं तिचं काहीच सुटत नसे. पहाटे चर्चमधली मिस्सा, संध्याकाळची जपमाळ, शनिवारचा पाव-पाण्यावरचा उपास. याच नेमाने तिला एक दिवस अडचणीत आणलं.

त्याची सुरुवात मार्चमध्ये झाली. तिची लेक लुद्का चौदा वर्षांची. पोलिश आळीतल्या सेंट हेडविग चर्चच्या मुलींच्या बिगुल-ड्रम पथकात तिने परस्पर नाव घातलं. पोरींनी भर रस्त्यातून ढोल बडवत, पाय उचलत चालायचं? ब्रोन्याने डोक्याला रुमाल बांधला आणि नाव काढायला थेट चर्चच्या तळघरात गेली.

तिथे चाळीसेक पोरी, आणि मध्ये गाव्रोन साहेब, युद्धात बिगुल वाजवून आलेले, आता पथक शिकवणारे. पोरींच्या अंगात कुठल्याशा जुन्या सैनिक संघटनेचे उतरलेले कोट. बाह्या गुडघ्यापर्यंत. साहेबांच्या तोंडात चार टाचण्या.

“साहेब, मी लुद्काची आई. मला जरा—”

“बाई, आलाच आहात तर हे धरा,” टाचण्यांच्या फटीतून साहेब म्हणाले आणि एका बाहीचं टोक त्यांनी तिच्या हातात दिलं. “दोन्हीकडून सारखं दुमडायचंय. मला फक्त माणसं सरळ उभी करता येतात, कापड नाही.”

ब्रोन्याने बाही धरली. दुमड चुकलेली तिला बघवेना. तिने उसवली, पुन्हा घातली. मग दुसरी. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा ती खुर्चीवर बसलेली होती, मांडीवर सहावा कोट होता, आणि नाव काढायचं राहून गेलं होतं.

घरी जाताना लुद्का खुदखुदत होती. “आई, मी भरती झाले ते ढोल वाजवायला. तू कशाला झालीस?”

“गप बस. आधी ते पायमोजे वर ओढ.”

मेपर्यंत बेचाळीस कोट नीट झाले. निळं कापड, पांढऱ्या पट्ट्या, पितळी बटणं. ननबायांकडून तिने मरियामातेच्या नखाएवढ्या पदकांचं पाकीट आणलं आणि प्रत्येक कोटाच्या डाव्या बाहीत, मनगटापाशी आतून, एकेक शिवलं. कुणाला सांगितलं नाही. सांगायची गोष्टच नव्हती ती.

ऑगस्टमधल्या एका रविवारी शेजारच्या गावी स्पर्धा होती. राज्याच्या सामन्याला कोण जाणार, ते त्या दिवशी ठरायचं होतं. गेल्या वर्षी सेंट हेडविगचं पथक दोन दशांश गुणांनी मागे राहिलं होतं आणि पोरी बसमध्ये रडत घरी आल्या होत्या. वाजवण्याआधी तपासणी असते: पांढरे हातमोजे घातलेला तपासनीस ओळीतून फिरतो, बिगुलावरचा डाग, ढिलं बटण, पट्टीचा मळ, जे सापडेल त्याला एक दशांश कापतो. म्हणून गाव्रोन साहेब आरंभरेषेजवळ स्वतः एक फेरी मारत होते.

“बिगुल, काठ्या वर!” ते ओरडले. त्रेचाळीस पोरींचे हात वर गेले, बाह्यांची तोंडं फाकली आणि ऊन आतल्या पदकांवर पडलं.

साहेब थबकले. एकीचा हात धरून त्यांनी बाही उलटी केली. मग दुसरीची. मग वळून ब्रोन्याकडे पाहिलं. ती सुईदोऱ्याची पेटी घेऊन दोरीपलीकडे उभी होती.

“हे तुम्ही लावलंत?”

“हो.”

“अहो मावशी!” पोरी म्हणत म्हणून तेही तिला आता मावशीच म्हणत. “गणवेशात नसलेली वस्तू! एकीमागे एक दशांश. चार गुण गेले आपले. चार! गेल्या वर्षी आपण दोनांत गारद झालो, तेही दशांशांत!”

“कापून काढते,” ब्रोन्या म्हणाली आणि तिने पेटी उघडून कात्री काढली. मैदानावर आधीच्या पथकाने शेवटची धून धरली होती. पाच मिनिटं, फार तर सहा. एवढ्यात बेचाळीस बाह्या उसवायच्या? आणि उसवलेले दोरे लोंबतील ते? आपण देवाची खूण म्हणून लावलं आणि पोरींच्या वर्षभराच्या मेहनतीचं मातेरं केलं!

साहेब मात्र टोपी मागे सारून विचार करत होते. “थांबा, हात लावू नका. तपासनीस काय बघतो? सारखेपणा. सगळ्यांना एकाच जागी एकच वस्तू असेल तर तो गणवेशच झाला, त्याला कापता येत नाही. पण एकीला जरी नसेल तर मग ती बाकीच्यांची खासगी चीज, आणि तो बेचाळीस दशांश कापतो. सगळ्यांना आहे ना?”

ब्रोन्या ‘हो’ म्हणणार होती. मग तिला ओडेट आठवली.

ओडेट पेल्त्ये. कालव्यापलीकडच्या फ्रेंच आळीतली, मेअखेर आलेली त्रेचाळिसावी. पाकिटातली पदकं तेव्हा संपली होती. पुढच्या आठवड्यात लावू म्हणता म्हणता राहिलं.

“एक राहिलीय,” ती म्हणाली आणि दोरीखालून वाकून ओळीत शिरली.

ओडेट टोकाला उभी होती. सगळ्यात उंच सूर तीच लावायची. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

“मावशी, मी नाही उतरत. मला जाऊ दे.”

“हात पुढे कर.” ब्रोन्याने गळ्यातली साखळी काढली. लहानपणी चर्चमध्ये पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला त्या वेळचं पदक होतं ते, तसंच, नखाएवढं, पण झिजून गुळगुळीत झालेलं. साखळीतून सोडवायला दातांची मदत घ्यावी लागली. “रडायला काय झालं?”

“माझ्यामुळेच हे होतंय. देव मला शिक्षा करतोय. मी बाबांना सांगून आले की आत्याचं बाळ सांभाळायला जाते. दर वेळी तेच सांगते. पोलिश लोकांच्या पथकात आहे हे कळलं तर ते मला घरात घेणार नाहीत.”

ब्रोन्याच्या हातातली सुई क्षणभर थांबली. बापाशी तीन महिने खोटं. एरवी तिने या पोरीला तिथल्या तिथे फादरांसमोर उभं केलं असतं. पण मार्चमध्ये लुद्कानेही तिला न विचारताच नाव घातलं होतं, आणि लेकीचं नाव काढायला निघालेल्या आईचं मन कसं असतं, हे तिला ठाऊक होतं.

“देवाला दशांश कापण्यापेक्षा बरीच कामं आहेत,” ती पुटपुटली आणि टाका घातला. “पण खोटं ते खोटंच. उद्या संध्याकाळी मी येते आणि तुझ्या बाबांशी बोलते.”

“ते पोलिश माणसाला दारात उभं करत नाहीत!”

“मग पायरीवर बोलेन. मी तुला शब्द देते. पण आज तू उंच सूर लावायचास. हलू नकोस, टोचेल.”

“तपासणी आली! पट्टी सरळ!” साहेब दबक्या आवाजात ओरडले. ब्रोन्याने दोरा दाताने तोडला आणि दोरीपलीकडे झाली तेव्हा पांढऱ्या मोज्यांचा म्हातारा तपासनीस पहिल्या ओळीत शिरला होता.

त्याने पहिल्या पोरीची बाही बघितली. भुवई उचलली. दुसरीची बघितली, तिसरीची. मग मागच्या ओळीत मधूनच एकीची. ब्रोन्या मनात माळ म्हणत होती, पण मणी हुकत होते. टोकाला तो ओडेटपाशी थांबला, आरसा पुसल्यासारखं अंगठ्याने पदक चोळलं, त्याच्याकडे पाहिलं आणि तक्त्यावर काहीतरी लिहिलं. पेन्सिल हललेली तिला स्पष्ट दिसली.

पुढची तेरा मिनिटं सगळ्या गावाने ऐकलं, फक्त तिने ऐकलं नाही. लुद्काच्या काठ्या वरखाली होताना दिसल्या. शेवटी ओडेटने मान मागे टाकून सूर लावला आणि माणसं बाकांवरून उभी राहिली, तेवढं दिसलं. ती पेन्सिल तिच्या डोळ्यांपुढून जाईना.

तासाभराने साहेब हातात कागद घेऊन आले. चेहऱ्यावरून काही कळेना. ते या बाबतीत दुष्ट होते.

“तपासणी,” त्यांनी वाचलं. “कापलेले गुण: शून्य.”

ब्रोन्याने मान वाकवून कागदावरचं शून्य स्वतः बघितलं.

“शेरा पण आहे. ‘ओळी सरळ. बटणं उत्तम. टोकाच्या मुलीचं पदक पॉलिश करा.’”

पोरी खो-खो हसत सुटल्या. त्यांचा दुसरा नंबर आला होता, राज्याच्या सामन्यात जागा मिळाली होती. लुद्का आईच्या गळ्यात पडली. ब्रोन्याचा जीव असा भांड्यात पडला की रडावं की हसावं हेच तिला उमगेना, म्हणून तिने लेकीची कॉलर नीट केली.

“साहेब, मी आधी विचारायला हवं होतं,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “चूक झाली माझी.”

“विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं,” साहेब म्हणाले. “आता राज्याच्या सामन्याला ती पदकं काढायचं नावही घेऊ नका!”

सोमवारी गिरणी सुटल्यावर तिने हातपाय धुतले, माळ पुरी केली, चुलीवरचं कोबीचं सूप झाकलं.

“आई, कुठे निघालीस? जेवायचं नाही का?” लुद्काने विचारलं.

“तू जेव. गरम आहे तोवर.”

जाळीचं दार हलकेच लावून घेऊन ती कालव्याच्या पुलाकडे चालू लागली.