मैनाबाईंनी जुळवलेला कॉम्प्युटर

मागच्या दिवाळीत रजत बालाघाटला आला, तेव्हा जेवता जेवता एवढंच म्हणाला होता, "ऑफिससारखा कॉम्प्युटर घरी असता ना आई, तर मी इथूनच काम केलं असतं." पुण्यात तो व्हिडिओ एडिट करतो. मुलं असं काहीबाही बोलतात आणि हात धुवून उठतात. पण मैनाबाईंनी ते वाक्य पदराच्या गाठीत बांधून ठेवलं. नवरा गेल्यापासून त्या एकट्या. दिवसभर शिलाई मशीन चालवायची आणि संध्याकाळी कुणी बोलायला येईल म्हणून दाराशी बसायचं. पोरगा घरी राहायला येणार, याच्यापुढे त्यांना दुसरं काही दिसेना.

शेजारच्या दीप्तीला हवी आहे अशी थाप मारून त्यांनी रजतकडूनच सुट्या भागांची यादी मागवली. मग सुरू झाली वणवण. बालाघाटचा पहिला दुकानदार यादी न वाचताच हसला. दुसऱ्याने वापरलेला भाग नवा म्हणून गळ्यात मारायला पाहिलं. पण उलगडून पुन्हा गुंडाळलेला ताका बोटांनी ओळखणाऱ्या बाईला डब्याचं फाटकं सील दिसणार नाही होय? शेवटी गोंदियाला घनश्यामचं दुकान सापडलं. त्यांनी मागितलेलं ग्राफिक्स कार्ड हातात घेऊन तो म्हणाला, "काकू, हे नका घेऊ. तुमच्या यादीतल्या कॉम्प्युटरच्या पेटीत बसतच नाही. नागपूरहून दुसरं बोलावून देतो."

विकायचं सोडून नाही म्हणणारा माणूस! मैनाबाईंचं दुकान तिथंच ठरलं. वर्षभर ब्लाउज शिवत एकेक भाग त्यांनी घेतला. घनश्यामने त्यांच्यासमोर सगळं जोडलं, कोणता भाग कसा धरायचा तेही शिकवलं. खिडकीजवळची उजेडाची जागा कॉम्प्युटरला देऊन त्यांनी शिलाई मशीन आत नेली.

या दिवाळीत रजतने ते पाहिलं आणि आईला मिठीच मारली. "आई, तू तं कमालच केली! ये तो ऑफिसवाले से भी अच्छा है!" मैनाबाई रडल्या, आनंदानेच. तीन दिवस घर भरल्यासारखं वाटलं. तो कधीपासून राहायला येतो हे त्यांनी विचारलं नाही; स्वतःहून सांगेल म्हणून वाट पाहिली. चौथ्या दिवशी तो वायरी काढायला लागला.

"हे काहून काढून राह्यला?"

"पुण्याले नेतो ना आई. इथं पडून काय होईन त्याचं?"

"पन तूच म्हनला होता, घरी असता तं इथूनच काम केलं असतं..."

रजतचे हात थांबले. त्याला खरंच आठवत नव्हतं. "ते तं मी असंच बोललो असन, आई."

"हौ," मैनाबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर त्यांनी काही दिसू दिलं नाही.

रजत अख्खी पेटी रजईत गुंडाळू लागला. आत ते जड ग्राफिक्स कार्ड तसंच मुख्य बोर्डाला लटकलेलं होतं. गाडीच्या धक्क्याने बोर्ड मोडेल, हे घनश्यामने मैनाबाईंना तीनदा बजावलं होतं. रजतला काही ठाऊक नव्हतं. क्षणभर मैनाबाईंना वाटलं, बोलूच नये. मोडू दे. मोडलं की घेऊन येईल परत. आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"थांब," त्या म्हणाल्या. "असं नेलं तं बोर्ड तुटन. कार्ड वेगळं न्या लागते."

स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या खाली बसल्या आणि पोराच्या प्रवासासाठी ते कार्ड त्यांनी आपल्याच हातांनी सोडवून दिलं.