हुस्नबानूंच्या मुलतानीची एकच प्रत

मित्रांनो, मी एक म्हातारी कॅसेट. वरून ठीक दिसते, पण आत फितीला बुरशी लागली आहे. खरं सांगते, हल्ली मला फार धास्ती वाटते.

बनले मी कारखान्यात, पण जीव आला शनिवार पेठेतल्या एका बैठकीत. हुस्नबानू गात होत्या. नाव मोठं नव्हतं, रेडिओवर कधी आल्या नाहीत. पण त्या दुपारी मुलतानी राग असा लागला, की पेटीवाला साथ सोडून नुसता बघत बसला. वायरमन संभाजीरावांनी टेप लावला होता. सगळं माझ्यावर उतरलं.

पुढे दर रविवारी संभाजीरावांकडे शौकीन जमायचे. जो तो पिशवीतून आपल्या कॅसेटी काढायचा, ऐकवायचा. पण कॉपी मागायची नाही! "चहा मिळेल, कॉपी मिळणार नाही," संभाजीराव सांगायचे. एकुलती प्रत ज्याच्याकडे असेल त्याचा थाट मोठा. मीही फुगून बसायचे. मूर्खपणा सगळा.

एकेक शौकीन गेला. हुस्नबानूही गेल्या. मी संभाजीरावांच्या कपाटात पडून राहिले.

आज हुस्नबानूंची नात आली, उम्मेहानी. हिंजवडीत नोकरीला आहे.

"काका, दादीचं गाणं मी कधी ऐकलंच नाही. तुमच्याकडे एवढं एकच आहे म्हणतात. कॉपी द्याल?"

"इथं बसून ऐक. आणि तो फोन पर्समध्ये."

"हे घ्या, ठेवला. झडती घेताय का?"

बटण दाबलं. आलाप निघाला, पोरगी पुढे सरकून बसली. बंदिश सुरू झाली आणि मशीनने माझी फीत गिळली. घर्रर्र! आतडी ओढल्यासारखं झालं मला.

"तुटली?"

"गप बस. हलू नकोस."

संभाजीरावांनी फीत सोडवली, पेन्सिलीने हळूहळू गुंडाळली. तुटली नव्हती, चुरगळली होती. ते उम्मेहानीकडे वळले.

"चाळीस वर्षं कुणाला दिली नाही मी. आता एकदाच वाजेल, तेही नशीब असेल तर. काढ तो फोन, रेकॉर्ड कर."

"आणि कॉपी?"

"शंभर कर. डोकं खाऊ नकोस."

मी पुन्हा फिरले. चुरगळलेली जागा जवळ यायला लागली तशी मला धडकी भरली. तिथं बंदिशीची एक ओळ गेलीच. नुसती खरखर. मग बानूंचा आवाज परत आला आणि शेवटपर्यंत टिकला.

उम्मेहानीने ते लगेच अब्बांना, इम्तियाजभाईंना, पाठवलं. थोड्या वेळात इम्तियाजभाईंचा फोन आला.

"बेटा, ती गेलेली ओळ मला येते. अम्मी भाकरी थापताना म्हणायची." आणि ते बेसूर गुणगुणले. संभाजीरावांनी पहिल्यांदाच कुणाच्या बेसूर गाण्याला नावं ठेवली नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात असा कुणाचा आवाज कोंडला असेल, तर तो आजच उतरवा आणि वाटून टाका. माझी दुसरी बाजू अजून वाजायची आहे. उम्मेहानी फोन धरून बसली आहे, आणि मशीन पुन्हा फीत गिळेल या धास्तीने संभाजीरावांचं बोट काही बटणावर जात नाही.