बशीतल्या पेशी आणि धाकट्याच्या गोळ्या

प्रयोगशाळेत तिला सगळे चौकशीबाई म्हणत, आणि ते काही उगाच नाही. पिंजऱ्यातला उंदीर शिंकला तरी का शिंकला हे कळल्याशिवाय या बाईच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. धाकट्या भावाला तिनं स्वतःची एक किडनी दिली, तेव्हाही टेबलावर आडवी होऊन सर्जनलाच विचारत होती, "डावीच का हो?"

सध्या तिच्या डोक्यात भुंगा होता तो व्हिटॅमिन सीचा. शरीरातल्या पहारेकरी पेशी परकं काही दिसलं की तुटून पडतात, मग ते जीव वाचवायला बसवलेलं का असेना. त्यांना आवरणाऱ्या काही समजूतदार पेशीही असतात, पण भारी चंचल! आज समजूत घालतील, उद्या स्वतःच भांडणात उतरतील. व्हिटॅमिन सी मिळालं की मात्र त्या आपल्या कामाला धरून राहतात. अशा पेशी दिलेल्या पांढऱ्या उंदरांवर काळ्या उंदराची कातडी लावली, तर ती कितीतरी जास्त दिवस टिकली. बाईला आनंद मावेना. तडक भावाच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात जाऊन तिनं हे सगळं हातवारे करकरून सांगितलं. धाकटा डोळ्याला भिंग लावून "हं, हं" करत राहिला. प्रश्न म्हणून एक विचारला नाही पठ्ठ्यानं.

तीन महिन्यांनी त्याच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन दुप्पट आलं. किडनी नीट गाळते की नाही हे सांगणारा तो आकडा. डॉक्टरांनी त्याला लगेच दाखल करून घेतलं.

"शरीर किडनी नाकारतंय असं वाटतं," ते म्हणाले. "किडनीचा बारीक तुकडा काढून बघू, मग जोरदार औषध सुरू करू."

ती धाकट्याकडे वळली. "रोजच्या गोळ्या चुकवल्यास का रे?"

"एकही नाही, ताई. तुझी शपथ."

किडनी गेली तर पुन्हा ते आठवड्यातून तीनदा मशीनला बांधून घेणं. आणि दुसरी द्यायला तिच्याकडे होती कुठे?

दुसऱ्या दिवशी तुकडे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या दारात ती हजर. ओळखीतल्या होत्या, म्हणून त्यांनी सूक्ष्मदर्शकाची खुर्ची तिला दिली.

"हल्ला करणाऱ्या पेशी कुठे दिसतात?" तिनं विचारलं.

"तेच तर! जवळजवळ नाहीतच. आता हे बघा." डॉक्टरीणबाईंनी एक काच फिरवली. सगळं काळं झालं आणि त्या काळोखात पांढरे कण लखलखायला लागले. दिसायला सुंदर होते मेले!

"ऑक्सलेटचे खडे," बाई म्हणाल्या. "नळ्या चोंदल्यात. भाऊ व्हिटॅमिन सीच्या गोळ्या वगैरे खातो का? जास्त झालं की शरीर त्याचं ऑक्सलेट करतं."

ती धावतच खाटेपाशी आली. "पिशवी दाखव."

पिशवीतून नारिंगी बाटली निघाली.

"रोज किती?"

"चारच. हजार हजारच्या."

"चारच! आणि डॉक्टरांना सांगितलं नाहीस?"

"औषध थोडंच आहे ते? व्हिटॅमिन तर आहे. तूच म्हणालीस ना, त्यानं लावलेली कातडी टिकते?"

"अरे गाढवा, त्या उंदरांनी गोळी चाटलीसुद्धा नाही! पेशी आम्ही बाहेर काढल्या, बशीत ठेवल्या, बशीत थेंब घातले, मग टोचल्या. उंदराला वरून लागतही नाही, तो आपलं व्हिटॅमिन सी स्वतःच बनवतो!"

"हे तू नव्हतं सांगितलंस."

नव्हतंच सांगितलं. कंटाळवाणा भाग म्हणून बशी गाळली होती आणि थेट कातडीवर उडी मारली होती. उभ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या बाईला तोंड कुठे लपवावं कळेना.

"पण घेतल्यास कशाला?" ती हळूच म्हणाली. "सगळं छान चाललं होतं."

तो चादरीचं टोक चाळवत बसला. "दर तपासणीला डॉक्टर म्हणतात, शरीर या किडनीला परकी समजतं, म्हणून जन्मभर गोळ्या. ताई, तू मला कडेवर घेऊन वाढवलंस. माझ्या अंगाला तू परकी वाटतेस, याची लाज वाटायची गं."

तिला रडू फुटलं. सगळ्या वॉर्डासमोर, नाक ओढत रडली ती.

ते जोरदार औषध द्यावं लागलं नाही. नारिंगी गोळ्या बंद झाल्या, पाणी वाढलं आणि महिन्या-दीड महिन्यात आकडा उतरला. पहिल्याइतका मात्र नाही उतरला. जेवढी गेली तेवढी गेली, उरलेली सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना धाकट्यानं मान खाली घातली. "तुझी किडनी खराब केली मी, ताई."

"माझी कुठली?" ती खेकसली. "दोन वर्षं तुझं रक्त गाळतेय ती. स्वतःची खराब केलीस, गाढवा. चल, सावकाश उतर."