घरातलं स्थळ

डॉक्टरांनी स्वप्नाला खुर्चीवर गुडघे टेकायला लावले आणि तिच्या टाचेमागची शीर चिमटीत धरून नीट दाबून पाहिली. शेजारी महानंदाबाई श्वास रोखून बसल्या होत्या. भावाच्या लेकीची टाच आणि डॉक्टरांची चिमूट, बाकी जगात त्यांना काही दिसत नव्हतं.

"टाच छान आहे, शिरेत चरबी साठलेली नाही; रक्तही छान आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या घराण्यातला तो दोष हिच्यात आलेला नाही."

महानंदाबाईंचा जीव भांड्यात पडला. स्वप्ना मात्र ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, "सर, पुन्हा एकदा तपासता येईल का?"

पोर भेदरलीय, असं समजून महानंदाबाई हसल्या.

भेदरण्यासारखं झालंच होतं म्हणा. दिवाळीनंतर त्यांचे थोरले भाऊ योगीराज पोखर्णीच्या शेतातच छाती धरून खाली बसले. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचं नाव काढलं तेव्हा सगळं घर डॉक्टरांवरच उलटलं. घर लिंगायताचं, स्वयंपाकघरात कधी अंडंसुद्धा आलं नाही. कोलेस्टेरॉल हे मटण खाणाऱ्यांचं दुखणं, ही सगळ्यांची पक्की समजूत. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की रक्तातली चरबी उपसून काढायची यकृताची ताकद काही जणांत जन्मतःच कमी असते. ती खोट आईकडून नाहीतर बापाकडून येते. नुसतं पथ्य पाळून भागत नाही, गोळी जन्मभर घ्यावी लागते. पण ती घेतली तर माणूस चांगला म्हातारा होतो.

मग भावंडं, लेकरं, सगळ्यांचं रक्त तपासलं. अर्धी भाकरी खाणाऱ्या, वाऱ्यानं उडतील अशा महानंदाबाईंच्या रक्तात खोट निघाली, आणि त्यांच्या लेकाच्या, पंकजच्याही. ज्या बाईनं उभा जन्म सासरच्या तुपाला नावं ठेवली, तिच्याच माहेराहून हे आलेलं. नवरा महालिंग तेव्हापासून गालातल्या गालात हसतो आणि रोज न चुकता तिच्या हातावर गोळी ठेवतो.

राहिली होती योगीराजांची स्वप्ना. भावाची लेक सून म्हणून आणायची, हे महानंदाबाईंनी तिच्या बारशातच सांगून टाकलं होतं. पण दोघांतही खोट असली तर होणाऱ्या लेकराला ती दोन्हीकडून येऊ शकते आणि कोवळ्या वयातच काळजाला लागते, असं डॉक्टर म्हणाले, आणि ठरल्यासारखं असलेलं लग्न या एका तपासणीवर येऊन अडकलं. आता तीही अडचण सरली होती.

परभणीच्या स्टँडसमोर त्यांनी दोन चहा सांगितले. स्वप्नाच्या चहावर साय धरली तरी तिनं कप उचलला नाही.

"रडायलीस काय गं? चांगलंच निघालं ना?"

"आत्या, तुला राग येईल."

"आला तर गिळीन. बोल."

"पंकज मला सख्ख्या भावासारखा हाय. त्यालाबी तसंच वाटतंय. पण तुझा लय जीव हाय ह्या लग्नावर, म्हणून कुणी तोंड उघडलं न्हाई. मला वाटलं, रिपोर्टच वाईट निघंल. मग कुणाला काही बोलावंच लागणार न्हाई."

महानंदाबाईंना रागच आला, आणि तो स्वतःचाच. एवढीशी पोर, नको त्या नवऱ्यापायी दुखणं मागत होती, आणि आपण आत्या म्हणून मिरवत होतो. त्यांनी पदरानं तिचे डोळे पुसले, जरा जोरातच.

"चहा पी आधी," त्या म्हणाल्या. "गार झाला सगळा."

पोखर्णीला योगीराज ओसरीवर वाट बघत होते.

"काय निघालं?"

"पोरगी सोन्यावानी हाय, अण्णा. तिच्यात काही न्हाई."

"मग आता तारीख धरू."

"न्हाई." महानंदाबाई त्यांच्यासमोर बसल्या. "खोट माझ्या लेकात हाय. डॉक्टर म्हणले, नात्यात नकाच करू."

"त्या दिवशी तर म्हणले होते, एकात असली तर चालतंय."

"आज असं म्हणले."

योगीराजांनी बहिणीकडं रोखून पाहिलं. लहानपणापासून तिची थाप त्यांना ऐकू यायच्या आधी दिसायची.

"लिंगावर हात ठेवून सांग."

दाराशी स्वप्नाचा रंग उडाला. महानंदाबाईंनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. देवासमोर त्या आजवर खोटं बोलल्या नव्हत्या, आणि आताही बोलणार नव्हत्या.

"लिंगावर हात ठेवून सांगते, अण्णा. ह्या लग्नात आपली पोरगी सुखी व्हायची न्हाई."

योगीराजांनी बहिणीची मूठ पाहिली, दारातली लेक पाहिली. डॉक्टर काय म्हणाले, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"स्वप्ने, आत्याला जेवायला वाढ," ते म्हणाले. मग चपला पायात सरकवत, लेकीकडं न बघताच, "बाहेरचं स्थळ बघावं लागंल आता. ह्या वेळी तुला इचारून बघतो."